हिवाळ्यात पाय गारठतात, उन्हाळ्यात कुबट वास येतो: बेसमेंटची दरवर्षी उलटणारी तक्रार

शिकागोच्या पश्चिम उपनगरात आमचं १९७८ सालचं दुमजली घर आहे. घेतल्यापासून पहिली सहा वर्षं या घराने दोन तक्रारी नेमाने केल्या. नोव्हेंबर लागला की स्वयंपाकघरात सिंकपुढे उभं राहवत नसे. थर्मोस्टॅट २१ अंश दाखवायचा, डोक्याशी हवा ऊबदार असायची आणि पावलं मात्र बर्फावर ठेवल्यासारखी. मग जून संपत आला की दुसरी तक्रार. बेसमेंटचं दार उघडलं की कुबट वास अंगावर यायचा. खाली ठेवलेल्या सुटकेसच्या चामड्यावर पांढुरकी बुरशी, सतरंज्या दमट, आणि मुलीच्या तबल्याची पुडी इतकी सैल की हातोडी मारून मारूनही तो सुराला टिकत नसे.

या दोन्ही गोष्टींना मी वेगवेगळे आजार समजत होते, म्हणून औषधंही वेगवेगळी दिली. दर वर्षी थोडा आराम पडायचा आणि पुढच्या वर्षी तक्रार परत हजर. सातव्या वर्षी कळलं की दोन्हींचं मूळ एकच आहे: बाहेरची हवा बेसमेंटमध्ये कुठून शिरते आणि शिरल्यावर कशाला टेकते. इथल्या ओळखीच्या मराठी घरांतून दर ऑक्टोबरमध्ये हीच तक्रार ऐकू येते, आणि आम्ही केलेले चुकीचे उपाय अगदी त्याच क्रमाने चालू असलेले दिसतात. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी आमचे फसलेले उपाय

पहिल्या हिवाळ्यात आम्ही बेसमेंटमध्ये विजेचा हीटर लावला. बिल वाढलं, स्वयंपाकघराची जमीन होती तशीच राहिली.

दुसऱ्या वर्षी बेसमेंटच्या छताला, म्हणजे वरच्या जमिनीच्या खालच्या अंगाला, फायबरग्लासच्या (काचतंतूंच्या) गुलाबी गाद्या खोचल्या. जमीन जराशी सुधारली. पण आता बेसमेंट आणखी थंड झालं, कारण वरून झिरपणारी ऊब बंद झाली आणि बाहेरून येणारा वारा तसाच होता. जानेवारीतल्या एका रात्री बाहेरच्या भिंतीलगतचा पाण्याचा पाइप गोठला. नशिबाने फुटला नाही.

तिसरा उपाय सगळ्यात महाग आणि सगळ्यात घातक ठरला. एका ठेकेदाराने काँक्रीटच्या भिंतीलगत लाकडी चौकट उभी केली, त्यात फायबरग्लास भरलं आणि खोलीच्या बाजूने प्लास्टिकचा कागद ताणून पिना मारल्या. दिसायला काम फार सुबक. पुढच्या ऑगस्टमध्ये प्लास्टिकच्या मागे पाण्याचे थेंब दिसायला लागले. उघडून पाहिलं तर गाद्या ओल्या, चौकटीचं खालचं लाकूड काळं. जमिनीतली ओल काँक्रीटमधून आत झिरपत होती आणि प्लास्टिकमुळे तिला वाळायला जागाच नव्हती. बेसमेंटच्या भिंतीला आतून फायबरग्लास आणि वर प्लास्टिक ही जोडी कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा.

चौथा उपाय प्रेमापोटी झाला. त्या उन्हाळ्यात सासूबाई चिपळूणहून आल्या होत्या. खाली उतरल्या आणि म्हणाल्या, “अगं, गव्हाच्या जुन्या पोत्यासारखा वास येतोय. खिडक्या उघड सगळ्या, हवा खेळू दे.” आम्ही उघडल्या, पंखेही लावले. आठवड्याभरात वास वाढला. त्यांचं चिपळूणचं शहाणपण चुकीचं नव्हतं. कोकणातल्या घरात भिंती आणि हवा जवळपास सारख्याच उष्ण असतात. तिथे वारा आला की ओल उडते. इथे बेसमेंटची भिंत जमिनीच्या पोटात आहे, जुलैतसुद्धा ती गार असते, आणि सगळा फरक त्या एका गोष्टीने पडतो.

हवा करते काय

शिकागोत हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. पाया त्या गोठणाऱ्या थराच्या खाली न्यावा लागतो आणि इथे ती खोली ४२ इंच धरतात. इतकं खणायचंच, तर आणखी थोडं खणून एक मजला मिळवायचा, म्हणून इकडच्या घरांना बेसमेंट असतं. भिंत सहसा आठ इंच काँक्रीटची. जाडजूड दिसते, पण ऊब अडवण्यात ती एकपदरी काचेच्या खिडकीइतकीच, म्हणजे जेमतेम आर-१. (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, आकडा जितका मोठा तितकं चांगलं.) भिंतीचा वरचा फूटभर भाग तर जमिनीच्या वर, उघड्या वाऱ्यात असतो.

हिवाळ्यात घरातली ऊबदार हवा हलकी होऊन वर चढते आणि माळ्याच्या फटींतून निसटते. जितकी हवा वरून जाते तितकीच खालून ओढली जाते. बाहेर उणे १५ आणि आत २१ असताना हे ओढणं चोवीस तास चालू असतं. अख्खं घर धुराड्यासारखं वागतं. आणि खालून हवा शिरायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे काँक्रीटची भिंत संपून लाकडाचं घर सुरू होतं तो सांधा. भिंतीवर एक आडवी फळी टेकवलेली असते, तिला सिल प्लेट म्हणतात. तिच्यावर जमिनीच्या तुळया येतात आणि तुळयांची टोकं झाकणारी उभी फळी घराभोवती फिरते, ती रिम जॉइस्ट. काँक्रीटचा माथा कधीच सपाट नसतो. जुन्या घरांत सिल प्लेटखाली फोमची पट्टीही नसते. घराच्या सगळ्या घेरभर ती बारीक फट आहे. एकेका जागी नखाएवढी, पण सगळी जोडली तर एक खिडकी कायमची उघडी ठेवल्यासारखी.

आमची सिंकपुढची जमीन नेमकी त्या सांध्यावर होती.

उन्हाळ्यात प्रकार वेगळा. जुलैत इथली हवा आपल्याकडच्या पावसाळ्याच्या तोंडावरच्या हवेसारखी चिकट होते. बाहेर ३० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २१ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे ही हवा २१ अंशांहून गार कशालाही टेकली की तिथे पाणी सुटणार. माझ्या बेसमेंटची फरशी मी त्या महिन्यात मोजली, १८ अंश निघाली. फ्रिजमधून काढलेला तांब्या ओट्यावर ठेवला की घामेजतो, तसं आमचं बेसमेंट घामेजत होतं, आणि खिडक्या उघडून आम्ही त्याला आणखी हवा पुरवत होतो.

निदान कसं करावं

हातात काही घेण्याआधी पाणी नक्की कुठून येतंय ते ठरवा. दोन फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा फरशीवर आणि दुसरा भिंतीवर, चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस राहू द्या. प्लास्टिकच्या वरच्या बाजूला ओल आली तर ती खोलीतल्या हवेतली. खालच्या बाजूला आली तर जमिनीतून येते आहे. आमच्याकडे फरशीवर वर ओल, उत्तरेच्या भिंतीवर मागे ओल. म्हणजे दोन्ही.

काँक्रीटवर मिठासारखा पांढरा थर किंवा पोपडे दिसत असतील तर तिथून पाणी झिरपून वाळत आलं आहे. वर्ष-दोन वर्षं जुनी पांढरी खूण आणि आजचं ओलं यांत फरक करा. खूण पुसून तिथे पेन्सिलने तारीख लिहून ठेवा आणि मोठ्या पावसानंतर पुन्हा पाहा.

हवेची फट शोधायला सगळ्यात उत्तम साधन सासूबाईंनी देवघरातून काढून दिलं. उदबत्ती. कडक थंडीचा, जरा वाऱ्याचा दिवस निवडा. घराच्या सगळ्या खिडक्या बंद, बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे आणि स्वयंपाकघरातला हूड (शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा) चालू. मग बेसमेंटमध्ये उदबत्ती घेऊन सिल प्लेटच्या कडेने हळूहळू चाला. धुराची रेघ सरळ असेल तिथे ठीक. ती आडवी होऊन खोलीकडे पळाली की तिथे निळ्या टेपचा तुकडा चिकटवा. आम्ही टेपचा अख्खा रोल संपवला. फायबरग्लासजवळ जळती उदबत्ती टेकवू नका आणि हूड चालू असताना गॅसच्या वॉटर हीटरजवळ रेंगाळू नका. त्याचं कारण पुढे येईल.

रिम जॉइस्टच्या कप्प्यांत आधीच फायबरग्लास खोचलेलं असेल तर दोन-चार कप्प्यांतलं बाहेर ओढून मागची बाजू पाहा. आमच्या गाद्या मागून काळ्या होत्या. मला आधी ती बुरशी वाटली. बरीचशी ती धूळ होती, वर्षानुवर्षं त्यातून वाहणाऱ्या हवेने गाळून ठेवलेली. घर गरम करणाऱ्या भट्टीच्या साध्या फिल्टरमध्येही हाच फायबरग्लास असतो, कारण त्यातून हवा जाते. फट बुजवायला तो कधीच नव्हता. शिवाय हिवाळ्यात खोलीतली ओलसर हवा त्या गादीतून आरपार जाऊन मागच्या गार लाकडाला टेकते आणि तिथे दव धरतं. आमच्या तीन कप्प्यांत लाकूड खरंच ओलं होतं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं. लाकडात २० टक्क्यांहून जास्त ओलावा दिसला तर ते वाळेपर्यंत त्यावर काहीही लावू नका.

वीस डॉलरच्या आतबाहेर मिळणारा आर्द्रतामापक बेसमेंटमध्ये वर्षभर टांगलेला असू द्या. अंदाजाने कुबट म्हणणं आणि ७२ टक्के वाचणं यात फार फरक आहे.

बुजवण्याआधीच्या तीन गोष्टी, ज्या टाळू नयेत

घर घट्ट केल्यावर काय बिघडू शकतं हे आधी समजून घ्या. इथे घाई केली तर जीवावर बेतू शकतं.

वॉटर हीटर गॅसचा, जुन्या पद्धतीचा असेल आणि त्याच्या डोक्यावर उघडी टोपी असेल, तर तो जळताना खोलीतली हवा घेतो आणि धूर नैसर्गिक ओढीने चिमणीत सोडतो. घर बंदिस्त झालं आणि वर फोडणीसाठी बसवलेला दणकट हूड चालू केला, तर हूड हवा मिळेल तिथून ओढतो, चिमणीतूनसुद्धा. मग धूर उलटा खोलीत येतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असू शकतो. आपल्या स्वयंपाकघरांत मोठा हूड हौसेने बसवतात. मिनिटाला ४०० घनफुटांहून जास्त हवा फेकणाऱ्या हूडला बदली हवेची वाट करून द्यावी असा इथल्या बांधकाम नियमांत मुद्दा आहे, तो उगाच नाही. चाचणी अशी: दारं-खिडक्या बंद, हूड, बाथरूमचे पंखे आणि कपड्यांचा ड्रायर सगळं चालू. वॉटर हीटर पेटू द्या आणि पाच मिनिटांनी त्याच्या टोपीच्या कडेशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर लोटला गेला तर हीटर बंद करा, सगळे पंखे थांबवा, खिडक्या उघडा आणि जाणकार माणूस बोलवा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक मजल्यावर हवाच. आमची चाचणी काठावर पास झाली. आम्ही काम सुरू करण्याआधी बाहेरून स्वतंत्र पाइपने हवा घेणारा वॉटर हीटर बसवून घेतला आणि मला त्या खर्चाचं कधीच वाईट वाटलं नाही.

दुसरी गोष्ट रेडॉन. जमिनीतल्या युरेनियमपासून बनणारा हा वायू बेसमेंटमध्ये साठतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो फुप्फुसाच्या कर्करोगाचं कारण ठरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने लिटरमागे ४ पिकोक्युरी (किरणोत्सर्गाचं माप) ही कारवाईची पातळी ठरवली आहे. तपासणीचा संच दुकानात मिळतो. कामाआधी एकदा आणि कामानंतर एकदा, दोन्ही वेळा तपासा. संप पंपाचा खड्डा (बेसमेंटखालचं पाणी जमा करून बाहेर फेकणारा पंप ज्यात बसतो तो) उघडा असेल तर त्याला हवाबंद झाकण लावा. त्याने रेडॉन आणि ओल दोन्ही कमी होतात.

तिसरी, जुन्या घरांतलं अॅस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक ठरणारे खनिज तंतू. १९८० आधीच्या घरात डक्टच्या (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांच्या) सांध्यांवर पांढरी, कागदासारखी पट्टी किंवा पाइपांवर पांढरं वेष्टण दिसलं तर ते खरवडू नका, हलवू नका. आधी तपासून घ्या.

आता उपाय: आधी पाणी

हे काम कंटाळवाणं आहे आणि सगळं घराबाहेरचं आहे, म्हणून बहुतेकजण वगळतात. मग आतला सगळा खर्च वाया जातो. आमच्या उत्तरेच्या भिंतीची ओल अशी निघाली: छपराच्या पन्हळीत पानं तुंबलेली, तिचं पाणी भिंतीच्या कडेला पडणारं, आणि खाली येणारा पाइप पायाला लागूनच संपणारा. पन्हळ साफ केली, पाइपांना दहा फुटांची जोड देऊन पाणी दूर सोडलं, आणि भिंतीलगत चिकणमाती टाकून उतार केला. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार पाहिजे असं मानक आहे. फुलझाडांच्या वाफ्यासाठी घराकडे उतरणारी माती कुणी टाकली असेल तर ती काढायला लागते. मलाही माझा कडीपत्त्याच्या कुंड्यांचा कोपरा हलवावा लागला.

त्यानंतर एक अख्खा वसंत, पावसांसकट, वाट पाहिली. पेन्सिलच्या तारखांपुढे नवी ओल आली नाही, तेव्हा आत हात घातला. भिंतीतून धार लागत असेल, आडवी चीर दिसत असेल किंवा भिंत आत झुकली असेल तर हा लेख पुरेसा नाही. त्याला बांधकामाचा अभियंता लागतो.

मग हवा

सगळ्यात जास्त फरक इथे पडला आणि खर्च सगळ्यात कमी इथेच झाला. म्हणून एकच काम करायचं असेल तर रिम जॉइस्टचं करा.

आमच्या घराच्या दोन लांब बाजूंना तुळयांमधले चोपन्न कप्पे, आणि दोन आखूड बाजूंना तुळईशी समांतर धावणाऱ्या फळ्या. सामान: दोन इंच जाडीच्या, एक्सपीएस नावाच्या कडक फोमच्या चार बाय आठ फुटी चार फळ्या (इंचाला आर-५, म्हणजे दोन इंचांना आर-१०), फवाऱ्याच्या फोमचे डझनभर डबे आणि त्याची बंदूक, चांगल्या सीलंटच्या नळ्या. दोघांनी मिळून तीन शनिवार-रविवार लागले.

क्रम असा. जुनं फायबरग्लास काढून पिशवीत भरा, मास्क लावूनच. कप्पा व्हॅक्यूमने स्वच्छ करा, कारण धुळीवर काही चिकटत नाही. काँक्रीट आणि सिल प्लेट यांच्या सांध्यावर, आणि सिल प्लेट व रिम जॉइस्ट यांच्या सांध्यावर सीलंटची सलग रेघ ओढा. आता फोमचा तुकडा कप्प्याच्या मापापेक्षा चारही बाजूंनी पाव इंच लहान कापा. आम्ही पहिले दहा तुकडे नेमक्या मापाने कापले, फार घट्ट बसले, आणि फवाऱ्याचा फोम कडेत शिरेचना. मोकळी कड ठेवली तर फोम आतपर्यंत जातो आणि खरी बंदिस्ती तो फोमच करतो, फळी नव्हे. तुकडा मागच्या लाकडाला टेकवा, चारी कडांनी फवारा, पुढच्या कप्प्याकडे जा.

फवाऱ्याच्या डब्यातला वायू ज्वालाग्राही असतो. काम चालू असताना वॉटर हीटर आणि भट्टी पूर्ण बंद, पायलटसकट (आत कायम पेटती असणारी छोटी ज्योत). हातमोजे आणि चष्मा घाला. कातडीला लागलेला फोम दिवसचे दिवस निघत नाही. डबा गार असेल तर फोम नीट फुलत नाही, म्हणून आदल्या रात्री तो वर, उबेत ठेवा. चिमणीच्या किंवा धुराच्या पाइपाभोवतीची फट कधीही फोमने भरू नका. तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंट. आतमध्ये उघडा फोम ठेवायला परवानगी आहे का हे आपल्या गावाच्या बांधकाम खात्याला विचारा, नियम जागोजाग वेगळे असतात. आम्ही फोमवर मिनरल वूलच्या (दगडी लोकरीच्या) गाद्या बसवल्या. ती जळत नाही आणि ऊबही वाढते.

रिम झाल्यावर उरलेली भोकं: बाहेरच्या नळाचा पाइप, एसीच्या तांब्याच्या नळ्या, गॅसचा पाइप, केबलचं भोक, ड्रायरची नळी. आमच्या ड्रायरच्या बाहेरच्या झडपेत धागे अडकून ती वर्षभर उघडीच होती, नुसत्या सफाईने तिथला वारा थांबला. बेसमेंटच्या लोखंडी चौकटीच्या एकपदरी खिडक्या बदलता आल्या तर उत्तम.

आणि हो, वरचं भोक विसरू नका. माळ्यावर जायच्या झाकणाला रबरी पट्टी लावली आणि माळ्याच्या तळातल्या तारांची भोकं बुजवली. वरून हवा सुटणं कमी झालं की खालून ओढलं जाणंही कमी होतं. तळघराचा लेख माळ्यावर पोचला असं वाटेल, पण हवेच्या दृष्टीने ती एकच नळी आहे.

भिंती आणि फरशी

हे आम्ही पुढच्या वर्षी केलं, परवाना काढून. ओली चौकट आणि प्लास्टिक सगळं उपटून टाकलं. भिंत कोरडी झाल्यावर दोन इंची फोमच्या फळ्या थेट काँक्रीटला चिकटवल्या, सांध्यांवर टेप, वरच्या-खालच्या कडा फोमने बंद. खोलीतली दमट हवा आता गार काँक्रीटला टेकूच शकत नाही, त्यामुळे दव धरत नाही. त्यापुढे लाकडी चौकट, तिच्यात मिनरल वूल, प्लास्टिक अजिबात नाही, आणि वर ड्रायवॉल (जिप्समचे तक्ते) फरशीपासून अर्धा इंच उचलून. शिकागोच्या हवामान पट्ट्यात बेसमेंटच्या भिंतीला सलग आर-१५ किंवा चौकटीत आर-१९ असा दंडक बरीच वर्षं आहे. आमची भिंत तो ओलांडते.

काँक्रीटच्या फरशीवर थेट गालिचा घालू नका. खालून बुरशी धरते आणि वरून कळत नाही. मुलीच्या रियाजाच्या कोपऱ्यात एक इंची फोम आणि त्यावर प्लायवुड घातलं, बाकी फरशी उघडी ठेवली.

उन्हाळ्याची शिस्त

मे ते सप्टेंबर बेसमेंटच्या खिडक्या बंद. डिह्युमिडिफायर (हवेतली ओल खेचणारं यंत्र) ५० टक्क्यांवर लावलेला, आणि त्याची नळी कायमची संप खड्ड्यात सोडलेली. बादलीवर भरवसा ठेवला तर बादली भरते, यंत्र थांबतं, आपण सुट्टीवर असतो आणि परत येतो तेव्हा वास तयार असतो. भारतवारीच्या महिन्यात आमचं दोनदा असंच झालं. पुठ्ठ्याची खोकी फरशीवर ठेवू नका. गणपतीचं मखर आणि सुटकेसेस लोखंडी मांडणीवर, भिंतीपासून वीतभर पुढे.

इतकं करून तक्रार परत आली तर

वास फक्त भट्टीचा पंखा चालू झाल्यावर वरच्या मजल्यावर येत असेल, तर हवा परत नेणारा डक्ट बेसमेंटमध्ये गळतो आहे आणि तिथली हवा घरभर वाटतो आहे. सांध्यांवर मॅस्टिक (सांधे बुजवायचा लगदा) लावा. कापडी डक्ट टेप नावाने डक्टचा असला तरी काही वर्षांत वाळून सुटतो.

जमीन एकाच कोपऱ्यात गार राहिली असेल तर तिथे बहुधा वरचा मजला भिंतीबाहेर आलेला आहे किंवा खाली डक्ट-पाइपांच्या मागे न दिसणारा कप्पा राहिला आहे. थंडीत उदबत्ती पुन्हा फिरवा. सापडत नसेल तर दाराला पंखा लावून घरातली हवा ओढणारी चाचणी करून घ्या. सोबत उष्णतेचा कॅमेरा असेल तर गळकी जागा निळी रेघ होऊन समोर दिसते.

आर्द्रता ६० टक्क्यांखाली येतच नसेल आणि यंत्र अखंड चालत असेल, तर नवं यंत्र घेण्याआधी प्लास्टिकचा तुकडा परत चिकटवा. बहुतेक वेळा पाणी नव्याने यायला लागलेलं असतं. आमच्याकडे हे सगळं झाल्यावर तिसऱ्या वर्षी बागेचं काम करताना पन्हळीच्या पाइपाची जोड निघून पडली होती, एवढंच कारण निघालं.

काचांवर आतून दव दिसायला लागलं तर घर घट्ट झाल्याची ती खूण आहे. स्वयंपाक आणि आंघोळीची वाफ आता पूर्वीसारखी फटींतून जात नाही. पंखे वेळेवर लावा आणि हिवाळ्यात ह्युमिडिफायर वापरत असाल तर त्याचा आकडा उतरवा.

आमच्याकडचा आकडा सांगते. काम होण्याआधी, बाहेर उणे १८ असताना सिंकपुढच्या जमिनीचं तापमान १३ अंश होतं. गेल्या जानेवारीत तशाच थंडीत ते साडेअठरा भरलं. जुलैत खालची आर्द्रता ४८ ते ५२ मध्ये राहते आणि तबला आता खालीच असतो. विजेच्या पॅनेलच्या मागचे दोन कप्पे मात्र अजून उघडे आहेत. तिथे हात घालायला इलेक्ट्रिशियन हवा. त्याला ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बोलावलं आहे, तोपर्यंत निळी टेप तशीच ठेवली आहे.